समवर्ती सूचीतल्या कुरडया

वीज हा विषय समवर्ती सूचीत येतो, हे मी हयातभर नववीच्या वर्गाला शिकवलं. संरक्षण केंद्राकडे, पोलीस राज्याकडे आणि वीज दोघांकडे. 'दोघांकडे म्हणजे काय, सर?' असं एखाद्यानं विचारलंच, तर मी फळ्यावर दोन वर्तुळं काढायचो, ती एकमेकांत अडकवायचो आणि मधल्या जागेत खडूनं रेघोट्या मारायचो. या जागेवर दोघांचाही हक्क, असं सांगून पुढच्या धड्याकडे वळायचो. त्या रेघोट्यांच्या खाली माणसं राहतात आणि त्यातलं एक घर केडगावात आपलंच असणार आहे, हे पाठ्यपुस्तकात कुठंही दिलेलं नव्हतं.

प्रकरणाला सुरुवात झाली शेवयांपासून. माझी बायको सविता उन्हाळ्यात वाळवणाच्या ऑर्डरी घेते. शेवया, कुरडया, पापड, सांडगे. आधी सगळं हातानं चालायचं, मग तिनं मोटारीचं यंत्र घेतलं. चकती बदलली की त्याच यंत्रातून कुरडयाही पडतात. यंत्र उत्तम होतं, फक्त त्याला वीज लागायची, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज नसते. का नसते, असं विचारलं की 'मेंटेनन्स चालू आहे' असं उत्तर येतं. इतका मेंटेनन्स होणाऱ्या तारा एव्हाना दागिन्यांसारख्या झळकायला हव्या होत्या. आमच्या तारांवर पतंग लोंबतात.

अशात शेजारच्या गोजरबाई आल्या. अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणते. त्यांच्या नातीचं, दिशाचं, लग्न आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरला ठरलं होतं.

"सविता, पोरीचं रुखवत आन् लग्नाच्या समद्या कुरडया-शेवया तुज्याकडनं," मावशी म्हणाल्या. "बेलापूरची मान्सं लई चिकित्सक हायेत. विहीनबाई बैठकीतच बोलली, शेरातल्या बायांना वाळवण जमत न्हाई म्हून. मला तिचं तोंड बंद करायचंय."

सविताचा चेहरा आधी खुलला आणि मग पडला. एवढी मोठी ऑर्डर तिला कधी आलीच नव्हती. "मावशी, दुपारी लाईट नसते हो. घेतली आणि वेळेत झाली नाही, तर तुमचीही शोभा आणि माझीही."

खरं तर इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण निवृत्त शिक्षकाला कुणी काही विचारत नाही, त्यामुळे तो न विचारताच बोलतो. मी म्हणालो, "तू बिनधास्त ऑर्डर घे. तुझं यंत्र मी सूर्यावर चालवतो."

या वाक्याचा मला अजूनही अभिमान आहे. वाक्य म्हणून.

गच्चीवर सोलर बसणार ही बातमी गल्लीत फिरली आणि सल्लागार मंडळ आपोआप स्थापन झालं. अध्यक्षपदी समोरचे सहादेव. ते नागापूरच्या एका कारखान्यात फोरमन आहेत आणि जगात जे काही होतं ते त्यांच्या कारखान्यात आधीच होऊन गेलेलं असतं. "सर, पॅनेलचं तोंड पुण्याकडं करा," ते म्हणाले. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "तिकडं डिमांड जास्त हाय." कुणी सांगितलं, ग्रहणात पॅनेलवर तुळशीपत्र ठेवावं. मावशींना वेगळीच काळजी होती. उन्हाच्या विजेवर केलेलं खाल्लं तर पोटात उष्णता तर होणार नाही ना? मी त्यांना विजेचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सब्जा भिजत घालायचा सल्ला दिला.

मग हर्षल आला. हा सोलर बसवणाऱ्या एजन्सीचा माणूस. त्याच्या टी-शर्टवर एक सूर्य हसत होता आणि त्याच्याच खालोखाल हर्षल हसत होता. "सर, केंद्राची योजना आहे. अनुदान थेट खात्यात. राज्याचा काही संबंधच नाही."

"आणि मीटर?"

"तो राज्याचा. पण ती फॉर्मॅलिटी आहे, सर."

त्यानं माझ्यासमोर केंद्राच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला, आणि मी चष्मा पुसेपर्यंत संदेश आला: 'प्रिय अजिनाथ, अभिनंदन! देशाच्या ऊर्जाक्रांतीत आपले स्वागत आहे.'

अजिनाथ हे आमच्या घराचे मूळ मालक. घर घेतलं तेव्हा मीटर त्यांच्या नावावर होता, तो तसाच राहिला. नाव त्यांचं आणि बिल माझं, ही व्यवस्था आजवर कुणालाच खटकली नव्हती, वीज कंपनीला तर मुळीच नाही. अडचण एवढीच, की अजिनाथ देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ऊर्जाक्रांतीत सामील व्हायला ते येणार कुठून?

मी वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब निघाले सुनील, माझेच विद्यार्थी. मला पाहून ते उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. आपलं काम होणार नाही हे मी त्या चहावरूनच ओळखायला हवं होतं.

एक गोष्ट खरी, सुनीलनं मीटर माझ्या नावावर करून दिला. घराचा करार, अजिनाथांचा मृत्यूचा दाखला, त्यांच्या मुलांचं ना-हरकत पत्र आणि मी म्हणजे मीच असल्याचं माझं प्रतिज्ञापत्र, एवढं घेतल्यावर. पण पोर्टलवर अजिनाथ कायम होते. "ते केंद्राचं पोर्टल आहे, सर. त्यात आम्हाला बोट घालता येत नाही." मी केंद्राच्या हेल्पलाईनला फोन लावला. पलीकडून एक अत्यंत गोड आवाज म्हणाला, "सर, नाम परिवर्तन राज्य का विषय है।" मी राज्याला सांगितलं, राज्यानं केंद्राकडे बोट दाखवलं. त्या काळात केंद्र सरकारच्या हिशेबी मी स्वर्गवासी होतो आणि राज्य सरकारच्या हिशेबी मी अर्जच केलेला नव्हता. दोन्ही सरकारांनी अर्ध्या-अर्ध्यावर तडजोड केली असती, तरी मी निदान आजारी ठरलो असतो.

नावाचा घोळ मिटला तेव्हा जिल्ह्याचा निघाला. जिल्ह्याचं नाव बदलल्यामुळे वीजबिलावर अहिल्यानगर छापून येत होतं आणि पोर्टलच्या यादीत अहमदनगर होतं. संगणकानं निकाल दिला की माझं घर एका जिल्ह्यात आहे आणि मीटर दुसऱ्या. हेल्पलाईनवरच्या गोड आवाजानं मला विचारलं, "सर, आप दोनों में से किस ज़िले में रहते हैं?" मी म्हणालो, "बाई, मी केडगावात राहतो. मधे कुठलीही सीमा ओलांडत नाही." हे वाक्य त्यांच्या कुठल्याच पर्यायात बसलं नाही.

इकडे पॅनेल मात्र येऊन बसले. शिडाच्या होडीसारखी तिरकी, काळी, चकचकीत रांग गच्चीवर उभी राहिली आणि गल्लीतून जाणारा माणूस मान वर करून पाहू लागला. फक्त ती चालू करायची परवानगी नव्हती. "येणारी-जाणारी वीज मोजणारा राज्याचा नेट मीटर लागेपर्यंत बटणाला हात लावू नका, सर," हर्षल बजावून गेला. "बेकायदा वीजनिर्मिती होईल." आमच्या घराण्यात आजवर बेकायदा म्हणावं असं काहीही निर्माण झालेलं नाही. मी बटणाच्या डबीला कुलूप लावलं आणि किल्ली देव्हाऱ्यात ठेवली.

नेट मीटर मागायला गेलो, तर सुनील म्हणाले, "सर, तुमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, जागा नाही. पलीकडच्या गल्लीनं आधीच सोलर जोडलंय. आता आमची टीम येऊन तुमची वीज डीपीला झेपेल का ते तपासेल."

"अरे, पण दुपारी त्या डीपीतून वीज येतच नाही! रिकाम्या डीपीवर जागा नाही म्हणजे काय?"

"कागदावर ती भरलेली आहे, सर."

मी घरी जाऊन शोधाशोध केली आणि केंद्राचा नियमच छापून आणला. इतक्या लहान घरगुती यंत्रणेला अशा तपासणीची गरज नाही, अर्ज मान्य झाल्याचं समजावं, असं त्यात साफ लिहिलं होतं. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली, उत्तरपत्रिकेत मारायचो तशीच, आणि कागद सुनीलपुढे ठेवला. त्यांनी तो आदरानं वाचला.

"बरोबर आहे, सर. समवर्ती सूचीत दोघांचा कायदा भिडला तर केंद्राचा चालतो. तुम्हीच शिकवलंत. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले होते."

"मग झालं तर!"

"पण मीटर आमच्याकडे आहे ना, सर."

मी खुर्चीवरून उठलो. एवढं सोपं उत्तर माझ्या सगळ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्यानं लिहिलं नव्हतं, आणि लिहिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं. जाताना त्यांनी समजूत काढली, की राज्याचा वीज आयोग वेगळा असतो, त्याचं परिपत्रक आलं की केंद्राचा नियम इथं लागू होईल. तोवर केंद्राचा नियम त्यांच्या टेबलावर पाहुणा होता. त्यालाही बहुधा चहा मिळाला असावा.

लग्न जवळ येत चाललं होतं. सविता मला काही विचारत नव्हती, आणि तेच जास्त लागत होतं. ती सकाळी वीज असेल तेवढ्यात शेवया काढून घ्यायची आणि दुपारी यंत्र झाकून ठेवायची. कुरडयांचं मोठं काम बाकीच होतं.

त्यात गच्चीचा प्रश्न उभा राहिला. आमची गच्ची गल्लीत सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्या गल्लीचं वाळवण पहिल्यापासून तिथंच पडायचं. आता अर्धी गच्ची पॅनेलनं खाल्ली होती. मावशी सांडग्यांचं ताट घेऊन वर आल्या, त्यांनी पॅनेलभोवती एक चक्कर मारली आणि काचेला तळवा लावला.

"अगं बया! ह्यो तं तवा तापलाय की! आन् नुस्ता पडून हाय व्हय?"

मी घाईघाईनं म्हणालो, "मावशी, ती शासकीय योजनेची..." तोवर त्यांनी धुतलेलं धोतर पसरून सांडगे मांडलेसुद्धा होते. एरवी तीन-चार उन्हं लागणारे सांडगे संध्याकाळी खडखडीत वाजू लागले. धूळ नाही, मुंग्या नाहीत, खालून-वरून ऊन. दुसऱ्या दिवशी पॅनेलसमोर बायकांची रांग होती, आणि सवितानंही नमुन्याच्या थोड्या कुरडया तिथंच घातल्या. ज्या यंत्रणेला दोन सरकारं मिळून परवानगी देऊ शकली नाहीत, ती मावशींनी एका धोतरावर कार्यान्वित केली.

नेमकी त्याच आठवड्यात केंद्राची व्हिडिओवरून पडताळणी झाली. लाभार्थ्यानं पॅनेलशेजारी हसत उभं राहायचं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिलो. पलीकडच्या मॅडमनी बराच वेळ निरखून विचारलं, "सर, पैनल पर ये सफ़ेद-सफ़ेद क्या है?"

"कुरडई है।"

"पक्षी है?"

"नहीं, मॅडम, गेहूं का पदार्थ है। तल के खाते हैं।"

मॅडमनी टाईप करायला सुरुवात केली. संध्याकाळी संदेश आला: 'पॅनेलवर परकीय पदार्थ आढळला. अन्नप्रक्रियेचा उद्देश दिसून येतो. घरगुती वर्गवारीबाबत राज्याने खुलासा करावा.' म्हणजे गहू राहुरीचा, पाणी मुळा धरणाचं, हात माझ्या बायकोचे, आणि पदार्थ परकीय. हे ऐकून सहादेवांनी सुचवलं, की कुरडईला आधार कार्ड काढून द्यावं. मी हसलो नाही. त्या दिवसांत मला कसलंच हसू येत नव्हतं.

आणि मग अचानक मंजुरी आली. पुढे कळलं ते असं, की राज्यानं पोर्टल उघडून पाहिलं, त्यावर 'राज्याच्या खुलाशाधीन' असं होतं, ते त्यांनी केंद्राची हरकत नाही असं वाचलं आणि मीटर बसवला. केंद्रानं मीटर बसलेला पाहिला आणि राज्याचा खुलासा आला असं समजून शिक्का मारला. दोघांनीही एकमेकांवर विश्वास टाकला, आणि तो विश्वास टाकण्यासारखं दोघांनीही काही केलेलं नव्हतं.

उद्घाटनाचा दिवस मी ठरवला तोच सविताच्या कुरडयांचा दिवस. गहू तीन दिवस भिजून, दळून, चीक काढून तयार होता. गच्चीवर मोठ्या पातेल्यात तो रटरट शिजत होता आणि यंत्र मांडवाखाली सज्ज होतं. कुरडयांच्या चिकाचं एक असतं, तो गरम आहे तोवरच यंत्रातून उतरतो. गार झाला की गोळा होतो, मग तो म्हशीपुढे ठेवायचा. सगळ्या लग्नाचा गहू त्या पातेल्यात होता आणि पुन्हा भिजवायला दिवस उरले नव्हते. मी सुनील आणि हर्षल दोघांनाही बोलावलं होतं. माझ्या विजयाला दोन्ही सरकारांचा साक्षीदार असावा, एवढीच इच्छा.

मी छोटंसं भाषण केलं. मग कुलूप काढून बटण वर केलं. सोलरच्या इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला, यंत्र घुमलं आणि पहिली कुरडई गोल गोल पडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सविता माझ्याकडे पाहून हसली. पुष्कळ दिवसांनी.

आणि वीज गेली.

यंत्र थांबलं. मी मात्र शांत होतो. या क्षणाचीच तर मी वाट पाहत होतो. मी हात वर करून म्हणालो, "घाबरू नका! आपल्यामागे सूर्य आहे!" सूर्य खरोखरच होता, अगदी डोक्यावर. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा मात्र विझला होता.

मी बटण खाली-वर केलं. पुन्हा केलं. सुनील खाकरले. "सर, आमची लाईन गेली की तुमचं सोलर आपोआप बंद होतं."

"आपोआप म्हणजे?"

"नाहीतर तुमची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावरच्या आमच्या वायरमनला बसेल. नियम आहे, सर."

"कोणाचा नियम?"

"तांत्रिक मानकं केंद्राची."

मी हर्षलकडे वळलो. हर्षल म्हणाला, "सर, लाईन गेली तर केंद्र काय करणार? लाईन राज्याची आहे. तुम्हाला वीज गेल्यावर वीज हवी होती, हे तुम्ही आधी बोलला नाहीत."

मी सविताकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पातेल्यात पळी फिरवत राहिली, चीक घट्ट होऊ नये म्हणून, आणि तिच्या हनुवटीवरून घाम की काय ते टपकत होतं. मला फार लाज वाटली. मी तिला सूर्य देतो म्हणालो होतो, आणि तो होता त्यापेक्षा कमी करून ठेवला होता.

मावशी उठल्या. "मशीन मेलं तं मरू द्या! ज्याच्या घरात सोऱ्या हाय त्यानं आना! पळा!"

बायका जिन्यावरून धावल्या. पितळी, लाकडी, सासूनं दिलेले, माहेरून आणलेले सोरे गोळा झाले. फिरकीच्या सोऱ्याला दोन माणसं लागतात, एकानं घट्ट धरायचा आणि दुसऱ्यानं दांडा पिळायचा. मावशींनी सुनील आणि हर्षल यांना एकाच सोऱ्याला जुंपलं. "तू धर रं. आन् तू फिरव. कुनाचं काम कुनाचं ते नंतर भांडा." सुनीलनं धरला, हर्षलनं फिरवला, आणि कुरडया पडायला लागल्या. फळ्यावर मी जी मधली जागा रेघोट्यांनी भरत होतो, ती इतकी गरम असते हे मला ठाऊक नव्हतं. सहादेव एकटेच एक सोऱ्या पिळत होते आणि आमच्या कारखान्यात याहून जड काम असतं असं सांगत होते. माझ्या तळहाताला फोड आले. मी ते कुणाला दाखवले नाहीत.

पातेलं रिकामं झालं तेव्हा एकूण एक पॅनेल कुरडयांनी भरलेला होता. तेवढ्यात वीज आली. मी उत्साहानं म्हणालो, "आता या बाजूला सारू, म्हणजे निर्मिती सुरू होईल."

"कुरडयांना हात लावायचा नाही," सविता म्हणाली.

मी हात लावला नाही.

बेलापूरच्या लग्नात रुखवत मांडलं. कुरडयांचं तुळशीवृंदावन, शेवयांची पालखी, पापडांचं कमळ. विहीणबाईंनी एक कुरडई उचलली, उजेडाकडे धरून पाहिली, एक तुकडा मोडून दाताखाली धरला, आणि तळायला आत पाठवली. तळलेली आली ती ताटाएवढी फुललेली आणि दुधासारखी पांढरी. मांडवातल्या बायका ताटाभोवती गोळा झाल्या.

"कुणी केल्या ह्या?"

मावशींनी सविताला हाताला धरून पुढे ओढलं. विहीणबाई म्हणाल्या, "माझ्या धाकटीचं लग्न धरलंय. तिच्या रुखवताचं तुमीच करायचं." सवितानं आधी मावशींकडे पाहिलं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि मान हलवली. मी मठ्ठ्याचा आणखी एक पेला उचलला. मग विहीणबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "आन् हे कोन?" मावशी म्हणाल्या, "हे व्हय? गच्ची ह्यांची हाय."

घरी आलो, तर दोन नोटिसा येऊन पडल्या होत्या. एक राज्याची, एक केंद्राची. यंत्रणा बसवूनही निर्मिती जवळपास शून्य का, याचा खुलासा मागितला होता. आणि दोन्हींच्या पहिल्याच ओळीत ठणकावून लिहिलं होतं, की हा विषय सर्वस्वी आमच्याच अखत्यारीत येतो. परवानगी द्यायची होती तेव्हा मी कुणाचाच नव्हतो. जाब विचारायची वेळ आली तेव्हा दोघंही माझे निघाले.

मी कोरा कागद घेऊन बसलो. घटनेचे दाखले देत सविस्तर उत्तर लिहावं असा विचार होता. सविता समोर बसून बेलापूरच्या नव्या ऑर्डरीचा गहू निवडत होती. तिनं विचारलं, "काय लिहिताय?"

"सुचत नाहीये."

"मग मी सांगते तसं लिहा. पाऊस लागेपर्यंत पॅनेल रिकामे नाहीत. तोवर कुणी येऊ नये. नंतर यायचं तर दोघांनी आपसात ठरवून एकदाच यावं."

मी शब्दाला शब्द लिहून घेतलं. सहीसाठी पेन टेकवणार, एवढ्यात तिनं हात पुसले, कागद आपल्याकडे ओढला आणि खाली स्वतः सही केली. एक प्रत राज्याला गेली, एक केंद्राला.

पोच दोन्हीकडून आली. हरकत कुणाचीच नाही.